मोर्चाला सगळे, तारखेला कोणीच नाही : सर्वपक्षीय कृती समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, निमंत्रक आणि सगळे सदस्य,
सर्वपक्षीय कृती समिती

नमस्कार. अण्णा, आप्पा, नाना, भाऊसाहेब, तुम्ही सगळे मला ओळखता. कोर्टासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे आणि समितीचं निवेदन कायम माझ्याकडेच टाईप होतं. आपल्या तालुक्यातल्या मुलीवर अत्याचार झाला, त्यावर परवाच्या बैठकीत तुम्ही ठरवलं की पोरींनी आखलेला रात्रीचा मोर्चा रद्द, त्याच्याऐवजी सोमवारी तालुका बंद, सकाळी अकराला मूक मोर्चा, मग चौकात भाषणं आणि शेवटी प्रांत साहेबांना निवेदन. ते निवेदन टाईप करायला तुम्ही माझ्याकडे पाठवलं, मी ते केलं नाही. त्याच्याऐवजी हे लिहितेय, आणि उघड लिहितेय कारण समितीत एकही बाई नाही, बैठकीत आम्हाला बोलावत नाहीत, मग बोलायचं कुठे?

आपल्या तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव कळलं की मुलगी कळते, आणि ती अजून इथेच राहते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते पोरींनी काय ठरवलं होतं. कॉलेजच्या, होस्टेलच्या, अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या, ग्रामीण रुग्णालयातल्या दोन-तीन सिस्टर, अशा मिळून रात्री नऊला बस स्टँडवरून निघायचं, मार्केट यार्डाच्या मागच्या अंधाऱ्या रस्त्याने पोलीस स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि अकराच्या आत घरी. झेंडा नाही, स्टेज नाही, माईक नाही. हे त्यांनी मनानेच काढलं असंही नाही, १४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीसाठी बंगालभर बायका मध्यरात्री रस्त्यावर उतरल्या होत्या ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय. ती मुलगी रात्री कुठे फिरत नव्हती, ड्यूटीवर होती, स्वतःच्या हॉस्पिटलच्या सेमिनार हॉलमध्ये जरा पडली होती. आमच्या सिस्टर पण नाईट करतात, त्यांना हे सांगावं लागत नाही.

यावर तुमचं उत्तर काय, तर बायकांनी रात्री रस्त्यावर येणं सुरक्षित नाही, काही झालं तर जबाबदार कोण. अहो पण तेच तर म्हणायचं होतं त्यांना! पोलिसांनी परवानगी नाकारली असती तर एक वेळ समजलं असतं, ते दरवेळी कलम ३७ चा, म्हणजे जमावबंदीचा, कागद दाखवतातच, पण इथे अर्ज पोलिसांपर्यंत जायच्या आधीच तुम्ही नाही म्हणून मोकळे झालात. आणि वरून अभ्यासिका संध्याकाळी सातला बंद करायची सूचना केलीत. मुलींसाठी. मुलांना रात्री अकरापर्यंत चालू. घटना घडवली कोणी आणि घरात कोंडताय कोणाला हे जरा शांतपणे बघा.

हे झालं आत्ताचं. पण माझं खरं दुखणं जुनं आहे.

मागच्या वेळचा मोर्चा आठवतो ना? बाजारपेठ कडकडीत बंद, तहसीलपासून पार पुलापर्यंत माणूस, शाळेच्या मुली युनिफॉर्ममध्ये सगळ्यात पुढे उन्हात उभ्या आणि तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. अख्ख्या तालुक्याने फोटो टाकले. त्या केसच्या तारखा आता चालू आहेत, आणि मी दुकानात बसल्या बसल्या बघते की त्या मुलीचा बाप येतो, मजुरी बुडवून, कधी एसटीने कधी कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसून, आणि कोर्टाच्या आवारात एकटा थांबतो. समोर आरोपीकडचे लोक दोन गाड्या भरून आलेले असतात. ते काही बोलत नाहीत त्याला, नुसते बघत उभे राहतात, तेवढं पुरतं. एकदा आधारच्या झेरॉक्स काढायला आला तेव्हा मला म्हणाला, "ताई, मोर्चाना दिन इतला लोक व्हतात, आज कोनीच नही." मी काय सांगणार होते त्याला?

आता तुम्ही म्हणाल पॉक्सोची, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची, केस बंद दाराआड चालते, आम्ही आत कसे येणार. आत या असं म्हणतच नाहीये मी. बाहेर त्या माणसाशेजारी बसायला कोणता कायदा आडवा येतो? गाडीचं पेट्रोल समितीला जड नाही, बंदच्या दिवशी किती गाड्या फिरतात ते मी बघितलंय. पॉक्सो कायदा म्हणतो शक्यतो एका वर्षात खटला संपवा. प्रत्यक्षात आज पंच आले नाहीत, उद्या तपास अधिकाऱ्याची बदली झालीय, परवा डॉक्टर साक्षीला आले नाहीत, मग लॅबचा रिपोर्ट यायचाय, मग साहेब रजेवर. पुढची तारीख. एवढ्यात साक्षीदार थकतात, कोणाला पैसे मिळतात, कोणाला दम मिळतो, आणि कोर्टात येऊन "मला काही आठवत नाही" म्हणतात. केस तिथे मरते, मोर्चात घोषणा कमी पडल्या म्हणून मरत नाही.

आपल्या खान्देशाला तर हे सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं. १९९४ मध्ये जळगावात जे बाहेर आलं तेव्हा मी शाळेत होते. मुलींना, बायकांना जाळ्यात ओढून, फोटो-व्हिडिओ काढून ब्लॅकमेल करणारी टोळी, त्यात वजनदार लोकांची नावं, देशभर बातम्या. मोर्चे तेव्हाही निघाले. पण बदनामीच्या भीतीने पुढे येऊन साक्ष द्यायला तयार झालेल्या बायका मोजक्याच, आणि खटले कोर्टात टिकले नाहीत. त्यांना घाबरट कसं म्हणायचं? जळगावच्या मुलींची लग्नं जुळत नाहीत असं तेव्हा घराघरात बोललं जायचं, म्हणजे गुन्हा करणारे सुटले आणि डाग बसला तो गावातल्या सगळ्या पोरींवर. साक्ष द्यायला जाणारीच्या मागे कोणी उभं नव्हतं. तीस वर्षं झाली आणि आजही तेच चाललंय.

आता निवेदनाबद्दल. माझ्या कॉम्प्युटरमध्ये समितीची सगळी निवेदनं आहेत. खरं सांगू, लग्नपत्रिकेसारखं झालंय ते, नाव आणि तारीख बदलली की झालं. मागण्या त्याच तीन. आरोपीला फाशी द्या, केस फास्ट ट्रॅकवर चालवा, ॲड. उज्ज्वल निकम साहेबांची नेमणूक करा.

फाशीचं बघा. निर्भयाची घटना डिसेंबर २०१२ ची, फाशी झाली २० मार्च २०२० ला, सात वर्षांच्या वर गेली, आणि ती देशातली सगळ्यात गाजलेली केस होती. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात २०१४ मध्ये फाशी सुनावली, २०२१ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. कोपर्डीला जुलै २०१६ मध्ये घटना झाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टाने फाशी सुनावली, पण हायकोर्टाने कायम केल्याशिवाय फाशीची अंमलबजावणी होतच नाही. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा देणारा शक्ती कायदा येणार म्हणून तुम्हीच फटाके फोडले होते, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, दिल्लीची मंजुरी मिळाली नाही, लागू झालाच नाही. फाशी मागू नका असं माझं म्हणणं नाही, ज्याची पोर गेली त्याने काय मागायचं हे सांगणारी मी कोण. पण फाशी मागून आपलं काम संपलं असं तुम्ही धरून चालता, ते मला मान्य नाही.

आणि निकम साहेब आपल्या जळगावचे, अभिमान आहेच. पण एक माणूस किती केसेस लढणार, आणि आता तर ते राज्यसभेत आहेत. आपल्या कोर्टातल्या सरकारी वकिलांच्या टेबलावर फायलींचा ढीग किती असतो ते मी झेरॉक्स देताना बघते. इथे अजून एक सरकारी वकील द्या, साक्षीदारांना समन्स वेळेवर पोचवा, लॅबचे रिपोर्ट लवकर मागवा, ही मागणी एकाही निवेदनात नाही. कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

बदलापूर तर कालपरवाचं. ऑगस्ट २०२४, चार वर्षांच्या दोन मुली, शाळेतच. घरचे तक्रार द्यायला गेले तर तासन्‌तास बसवून ठेवलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर बसले तेव्हा सरकार हललं, म्हणजे मोर्चाने, आंदोलनाने फरक पडतो, कोण नाही म्हणतंय. पण लाठीमार झाला, गुन्हे दाखल झाले ते आंदोलकांवर. आणि महिन्याभरात, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि "बदला पुरा"चे बॅनर लागले. आपल्याकडे पण स्टेटसला ठेवलं होतं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी. झालं, न्याय मिळाला म्हणे. मग शाळेने का दडवलं, तक्रार घ्यायला उशीर का लावला, याची उत्तरं कोणाला पाहिजेत? आरोपी मेला की खटला बंद, आणि बाकीचे सगळे निवांत.

तक्रार न घेणं हा पण गुन्हा आहे हे समितीतल्या किती जणांना माहीत आहे? निर्भयानंतर २०१३ मध्ये तो कायद्यात आला, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९९ आहे, बलात्काराची तक्रार नोंदवली नाही तर त्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा. हद्द आमची नाही असंही सांगता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावीच लागते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत पीडितेला कळवायचं असंही नवीन नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पण मार्च २०२५ मध्ये मुक्ताईनगरजवळच्या कोथळीच्या यात्रेत मुलींची छेड काढली तेव्हा इथल्या केंद्रीय राज्यमंत्र्यांना स्वतः पोलीस स्टेशनला जावं लागलं. मंत्र्यांची ही गत, तर यावल-रावेरच्या केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईने कोणाला घेऊन जायचं?

हा मुद्दा मी लिहू की नको असं चाललं होतं, लिहितेच. आरोपी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे कळल्यावरच तुमची बैठक ठरते. दुसऱ्याचा असला की त्याच दिवशी बंद, आपला असला की मुलीच्या घरी रात्री चार मोठी माणसं जातात, पोरीच्या लग्नाचं बघा म्हणतात, झालं गेलं विसरा म्हणतात. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटत नसतो, कायद्यातच मिटत नाही, पण आपल्याकडे मिटवतात आणि मिटवणारे पुढच्या मोर्चात पहिल्या रांगेत असतात. नावं मला पण माहीत आहेत, तुम्हाला पण.

आणि मुलगी आदिवासी असली तर? २०२२ मध्ये धडगाव तालुक्यात एका बापाने आपल्या मुलीचा मृतदेह मिठाच्या खड्ड्यात ठेवला होता. पोलीस आत्महत्या म्हणत होते, घरचे म्हणत होते अत्याचार करून मारलं, आणि त्या बापाची मागणी एवढीच होती की पुन्हा शवविच्छेदन करा. दीड महिन्याच्या आसपास तो मृतदेह तसाच होता, मग बातम्या झाल्या आणि तो मुंबईला जे. जे. हॉस्पिटलला नेला. पुरावा सडू नये म्हणून एक माणूस मीठ टाकत बसला, सातपुड्यात, एकटा. याच्यापेक्षा मोठं आंदोलन खान्देशात माझ्या बघण्यात नाही. त्यासाठी आपल्या समितीने काय केलं? बंद नाही, मोर्चा नाही, साधं निवेदन पण नाही, असतं तर त्याची फाईल माझ्याकडे असती.

भडगाव तालुक्यात २०२३ मध्ये झालं, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मालेगाव तालुक्यात झालं, लहान लहान पोरी. दोन्ही वेळेला लोक खरोखर हादरून रस्त्यावर आले आणि ते बरोबरच होतं. पण दोन्ही वेळेला आपल्याच तालुक्यातल्या ग्रुपवर त्या मुलींचे फोटो फिरत होते. मागच्या मोर्चात तर आपल्या मुलीचा फोटो मोठा करून बॅनरवर लावला होता तुम्ही, खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. तिला उद्या शाळेत जायचंय, बाजारात जायचंय. तो बॅनर पावसात फाटेपर्यंत चौकात लटकत होता.

अजून एक, मग मागण्यांकडे येते. समितीतले बरेच जण कुठे ना कुठे चेअरमन आहेत. पतपेढी, शिक्षण संस्था, जिनिंग, बाजार समिती. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती पाहिजे, २०१३ चा कायदा आहे. तुमच्या किती संस्थांमध्ये ती खरोखर बसते? बोर्ड आहे काही ठिकाणी, मीच प्रिंट करून दिलाय, त्यावरच्या एका मॅडम रिटायर होऊन पुण्याला गेल्यात. मजूर बायकांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते हे तर कोणाच्या गावीच नाही.

तर आता काय पाहिजे ते साधं लिहिते.

सोमवारचा बंद करायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही, पण पोरींचा रात्रीचा मोर्चा रद्द केल्याचं जाहीर केलंत ते मागे घ्या. तो तुमचा नव्हताच. अभ्यासिका सगळ्यांसाठी एकाच वेळेला बंद होईल, सात तर सात, अकरा तर अकरा. मार्केट यार्डाच्या मागचे लाईट नगरपालिकेकडून लावून घ्या, सत्तेतले आणि विरोधातले दोन्ही समितीतच आहेत, मग अडलंय कुठे? संध्याकाळची शेवटची एसटी क्लास सुटायच्या आधी जाते, तिची वेळ आगार प्रमुखांकडून बदलून घ्या.

केसच्या प्रत्येक तारखेला त्या घराला समितीची गाडी आणि सोबत दोन माणसं, त्यात एक बाई. फोटो काढायचा नाही. ज्याची पाळी त्याने यायचं, नाही जमलं तर बदली माणूस द्यायचा. मनोधैर्य योजनेत दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, तिचा अर्ज भरून द्यायचा आणि पाठपुरावा करायचा. त्या बापाला कोणी सांगितलंच नव्हतं, फॉर्म मी काढून दिला. पॉक्सोच्या नियमांप्रमाणे मुलीसोबत सहाय्यक व्यक्ती मिळते, ती बाल कल्याण समितीकडे मागायची. साक्षीदाराला धमकी आली तर संरक्षण मागायची योजना २०१८ पासून आहे, तोही अर्ज करायचा.

निवेदनात लिहायचं ते हे लिहा. आपल्या पोलीस स्टेशनला रात्रीसुद्धा महिला अधिकारी पाहिजे. तक्रार घ्यायला उशीर का झाला याची चौकशी आणि दोषी असेल त्यावर कलम १९९. कोर्टाला अजून एक सरकारी वकील. लॅबचा रिपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत येणार हे लेखी. यातलं काय झालं ते विचारायला दर महिन्याला प्रांत साहेबांकडे जा, फक्त घटना घडल्यावर नाही. तुमच्या स्वतःच्या संस्थांमधल्या अंतर्गत समित्यांची नावं, फोन नंबर महिन्याभरात बाहेर लावा. आणि समितीत निम्म्या बायका घ्या, सरपंच पतींच्या बायका नकोत, बोलणाऱ्या घ्या.

खुल्या पत्राने काय होतं असं कोणीतरी म्हणेलच. गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला, आपण तिला मथुरा म्हणून ओळखतो, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपींना सोडलं, का तर तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका शहराशहरात रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मी काही प्रोफेसर नाही, माझी मागणी पण कायदा बदलायची नाही, आहे तो कायदा आपल्या तालुक्यात वापरा एवढीच आहे.

रात्रीचं चालणं शनिवारी नऊला बस स्टँडवरून निघणार आहे. परवानगीचा अर्ज पोरींनी त्यांच्याच नावाने काल पोलीस स्टेशनला दिलाय, पोच घेतलीय. मी जाणार आहे, माझी मुलगी पण. तुमच्या घरातल्या ज्या येतील त्यांना अडवू नका. तुम्हाला यायचं असेल तर या, मागच्या बाजूला चाला.

कोर्टासमोरची झेरॉक्सवाली ताई